रिकामी धाव

ज्या वाटेवर आपण कशालाही स्पर्श करीत नाही, त्या वाटेबद्दल आपल्यावर काही जबाबदारी असते काय? साध्य आणि साधन यांच्या जुन्या वादात हा प्रश्न कोठेतरी दडलेला आहे, पण तो सुटा करून क्वचितच विचारला जातो. आमच्यापुढे तो आला तो उधन्यातील एका कारखान्यात, यंत्राच्या दारावर चिकटवलेल्या एका तेलकट कागदामुळे. त्यावर यंत्राला द्यावयाच्या आज्ञांची यादी होती आणि तिच्या पहिल्या दोन ओळींत, आमच्या मते, नीतिशास्त्राचे एक अख्खे प्रकरण आहे. वाचकांपैकी पुष्कळांचा लोखंडाशी संबंध घरच्या विळीपुरताच असेल, हे गृहीत धरून थोडे खुलाशाने लिहितो.

संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्राला सी.एन.सी. म्हणतात, हे आता शाळकरी मुलेही सांगतात. ज्या तुकड्यावर काम चालते तो 'जॉब' आणि जे कापते ते 'टूल'. टूल कोठून कोठे न्यायचे हे यंत्राला आकड्यांत सांगावे लागते, आणि कसे न्यायचे हे एका अक्षराने व त्यापुढील दोन आकड्यांनी. जी ०१ म्हणजे सांगितलेल्या वेगाने, सरळ रेषेत, कापत जा. जी ०२ आणि जी ०३ म्हणजे वर्तुळाच्या कंसावरून जा. एकात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, दुसऱ्यात उलट. जी ०४ म्हणजे आहेस तेथे थोडा थांब. भोकाच्या तळाशी टूल क्षणभर फिरत राहिले की तळ साफ येतो, म्हणून ही आज्ञा. आणि या सर्वांच्या आधी येते जी ००: दिलेल्या ठिकाणी, तुला झेपेल तितक्या वेगाने, जाऊन पोहोच. ही कापण्याची हालचाल नव्हे. एक भोक पाडून झाले, टूल उचलले, दुसऱ्या भोकाच्या जागी नेले. त्या मधल्या उड्डाणाची ही आज्ञा. कारखान्यातील मंडळी तिला 'रॅपिड' म्हणतात. आम्ही आपले तिला रिकामी धाव म्हणू.

दोहोंतील भेद नुसता वेगाचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. कापताना वेग माणूस ठरवतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाट माणूस ठरवतो. समजा, टूलला एका दिशेत चारशे मिलिमीटर आणि आडव्या दिशेत शंभर मिलिमीटर जायचे आहे. दोन दिशांना दोन निराळ्या मोटारी. जी ०१ मध्ये त्या एकमेकींशी जुळवून घेतात. जिचे अंतर थोडे तिने चौपट सावकाश चालावे, म्हणजे दोघी एकाच क्षणी मुक्कामी पोहोचतात आणि मधली रेषा सरळ राहते. जी ०० मध्ये अनेक यंत्रांवर हा मेळ नसतो. दोन्ही मोटारी आपापल्या कमाल वेगाने सुटतात. शंभरवाली आधी पोहोचून थांबते आणि उरलेले तीनशे मिलिमीटर दुसरी एकटी धावते. परिणामी टूल आधी तिरके जाते आणि मग वळून सरळ होते. इंग्रजीत या वाकड्या वाटेला कुत्र्याच्या मागच्या पायाची उपमा देतात. (काही यंत्रे रिकामी धावही सरळ रेषेतच घेतात, आणि पुष्कळ ठिकाणी तशी निवड करता येते, पण नव्या यंत्रावर तसे गृहीत धरू नये, असे जाणते कामगार सांगतात.)

म्हणजे या आज्ञेत मुक्काम आहे, वाट नाही. पण वाट सांगितली नाही म्हणून ती नसते असे थोडेच आहे? जॉब घट्ट धरून ठेवणारे क्लॅम्प आणि त्यांच्या बोल्टांची वर आलेली डोकी तिच्यात उभी असतात. कागदावर पट्टीने सरळ रेषा ओढून पाहणाऱ्याला ती आड येत नाहीत, टूलला येतात. धाव मिनिटाला तीस मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाची असू शकते, त्यामुळे टक्कर झाली तर टूल तर जातेच, पण ज्यावर टूल बसते तो स्पिंडलही जायबंदी होतो. आणखी एक गोष्ट अशी की, आज्ञा एकदा दिली की दुसरी येईपर्यंत तीच चालू राहते. धावेनंतर कापण्याची आज्ञा लिहायची राहून गेली, तर पुढचा बिंदू पोलादाच्या आत आहे हे यंत्राला कोठून कळावे? ते त्याच मोकाट वेगाने आत घुसते. मोकळ्या जागेतली बेफिकिरी कामात शिरते ती अशी.

या यंत्रांचा जन्मच मुळी बिंदू आणि बिंदूंमधली वाट यांच्या झगड्यातून झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवीत असत. पात्याच्या वक्र आकाराचा साचा कापायचा म्हणजे त्या वक्रावरील बिंदू गणिताने काढायचे. त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी भोके पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या हिशेबाच्या यंत्रांकडून असे दोनशे बिंदू काढून घेतले. मग एक माणूस आकडे वाचून दाखवी, दुसरा एका दिशेची मूठ फिरवी, तिसरा दुसऱ्या दिशेची. प्रत्येक बिंदूपाशी टूल उतरे, कापे, वर येई. बिंदू अचूक, पण दोन बिंदूंमध्ये धातूचे उंचवटे शिल्लक राहत आणि ते कोणीतरी कानशीने घासून काढी. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या पैशाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखवले, आणि बिंदूंबरोबर मधली वाटही यंत्राच्या स्वाधीन झाली. भोके पाडलेल्या कार्डांची कल्पना मुळात विणकरांची; लियोंच्या जाकारचा माग १८०४ च्या सुमाराचा. सुरतेच्या मागांवर जाकार आजही आहे, त्यामुळे हे कूळ आपल्याला अगदीच परके नाही. आम्हाला या इतिहासात अधिक रस आहे तो त्या कानशीवाल्यात. त्याचे नाव कोठे नोंदलेले नाही.

आता दुसरी बाजू. रिकामी धाव हा दुर्गुण आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. धावेशिवाय काहीच घडत नाही. जुना टर्नरही काप संपला की मूठ झरझर फिरवून हत्यार मागे आणीत असे, आणि तो हात पाहण्यासारखा असे. उलट, जेथे काही कापायचेच नाही तेथेही भीतीपोटी कापण्याच्या संथ वेगाने टूल नेणारे प्रोग्राम असतात. कारखान्यात त्याला हवा कापणे म्हणतात. त्याने जॉब चांगला होत नाही, नुसता महाग होतो. आमची सारी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे हवा कापणे म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. टेबलावर फाइल किती दिवस होती याची नोंद आवक-जावक वहीत असते. एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर बसेपर्यंतचे तिचे दिवस कोणाच्याच खाती पडत नाहीत, आणि अर्जदार मात्र ते सगळे दिवस मोजत असतो. तेव्हा सर्वत्र सावकाश चालावे, हे काही उत्तर नव्हे.

आमचे म्हणणे वेगळे आहे. जेथे मोजणी होते तेथेच जबाबदारी संपते, अशी एक समजूत त्या दोन ओळींत आहे आणि ती यंत्रापेक्षा आपल्या अंगवळणी अधिक पडली आहे. हे दाखवायला लोखंड सोडून कापडाकडे यावे लागेल.

एम्ब्रॉयडरीच्या खात्यात (कारखान्याला गुजरातीच्या संगतीने आपणही 'खाते' म्हणू लागलो आहोत) एका ओळीत कित्येक हेड असलेली लांबलचक यंत्रे असतात. सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि कापड ताणून बसवलेली चौकट खालून सरकते. संगणकावर नक्षी बसवण्याच्या कामाला 'पंचिंग' म्हणतात. हा शब्द भोके पाडलेल्या पट्ट्यांच्या काळातला, पट्ट्या गेल्या तरी राहिला. येथेही हालचालीचे मुख्य प्रकार दोनच: टाका आणि जंप. टाक्यात चौकट सरकते व सुई कापडात उतरते. जंपमध्ये चौकट सरकते, पण सुई उतरत नाही. प्रचलित फाइलींत एका हालचालीला सुमारे बारा मिलिमीटरची मर्यादा असते, म्हणून एका फुलावरून दूरच्या फुलावर जायचे तर जंपमागून जंप घालावी लागते. ही कापडावरची रिकामी धाव. धाग्याच्या दृष्टीने मात्र ती रिकामी नसते. धागा सुईच्या नाकात ओवलेला असतो, तो बरोबर जातोच, आणि दोन फुलांच्या मध्ये लोंबत राहतो.

हा धागा आपोआप कापण्याची सोय पुष्कळ यंत्रांत आहे. पण प्रत्येक कापणीच्या वेळी यंत्राला थांबावे लागते, आणि जॉबवर्कचा दर टाक्यांवर ठरतो, हजार टाक्यांमागे इतके पैसे. टाका मोजला जातो, जंप मोजली जात नाही. मग धागा तसाच सोडून साडी खात्याबाहेर काढणे सोयीचे पडते. तेथून साड्यांचे गठ्ठे लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली अशा भागांतील घरांत जातात. बायका, कधी शाळेतून आलेल्या मुलीही, दाराच्या उजेडात बसून छोट्या कात्रीने एकेक धागा कापतात. मजुरी नगावर. एका साडीत धागे किती यावर ती ठरतेच असे नाही. कापड कापले गेले तर मात्र ते कापणाऱ्या बाईच्या नावावर पडते, कारण त्या साडीला शेवटचा हात तिचा लागलेला असतो.

यंत्राच्या हिशेबात जी हालचाल फुकट होती तिची किंमत ही अशी, चार-पाच किलोमीटर दूर, कोणाच्या तरी डोळ्यांनी आणि बोटांनी भरली जाते. येथे दोष कोणाचा? खातेवाला म्हणेल, दर बाजार ठरवतो. व्यापारी म्हणेल, गिऱ्हाइकाला स्वस्त साडी हवी. पंचिंग करणारा म्हणेल, मला नक्षीचे पैसे मिळतात. यांतले कोणीच खोटे बोलत नाही. तरीही पंचिंगवाल्यापाशी आम्ही थोडे थांबू, कारण वाट तो आखतो. चांगला पंचिंगवाला फुलांचा क्रम असा लावतो की एक संपते तेथून जवळचेच दुसरे सुरू व्हावे. जेथे लांब जाणे टळत नाही तेथे तो बारीक टाके घालीत जातो आणि पुढे येणाऱ्या भरगच्च पाकळीखाली ते झाकून टाकतो. दोन पंचिंगवाल्यांची एकच नक्षी पुढून हुबेहूब सारखी दिसते. फरक उलटून पाहिल्यावर कळतो, आणि उलटून पाहणाऱ्या बाईला त्याचे नाव ठाऊक नसते. तिचे किती श्रम वाचले हे त्यालाही कधी कळत नाही. ज्या कर्तव्याची ना मोजणी, ना साक्षीदार, ना आभार, असे कर्तव्य आम्हाला तरी याहून शुद्ध रूपात दुसरीकडे आढळले नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोंबणारे धागे नाहीसे झाले तर त्या बायकांची मजुरीही नाहीशी होईल. घर आणि लेकरे सांभाळून दुपारी चार पैसे मिळवण्याचे दुसरे साधन त्यांतल्या अनेकींना नाही. पंचिंगवाल्याची सचोटी त्यांच्या पोटावर येते, हे मान्य केले पाहिजे. मात्र यावरून धागे सोडणे पुण्याचे ठरते, हे आम्हाला पटत नाही. त्या न्यायाने रस्त्यात खड्डे ठेवणे हा डांबर टाकणाऱ्यांवरचा उपकार ठरेल. आम्हाला सुचते ते एवढेच की, टाक्यांप्रमाणे जंपाही मोजाव्यात. नक्षीच्या फाइलीत जंप कोठे आणि किती हे लिहिलेलेच असते. टाके मोजणाऱ्या संगणकाला जंपा मोजायला क्षणही लागणार नाही. तो आकडा साडीच्या गठ्ठ्यावर लिहिला आणि धागे कापण्याची मजुरी त्यावर बांधली, तर खातेवाला आपण होऊन ठरवील की यंत्र थांबवणे स्वस्त की धागा सोडणे. ही सूचना अर्थशास्त्रज्ञाला बाळबोध वाटेल. वाटो. आजवर तो आकडा कोणी मागितलेला नाही, आणि त्यामागे गणिताची अडचण असल्याचे आम्हाला दिसत नाही.

वाटेवरच्या जबाबदारीचा विचार आपल्या शेजाऱ्यांनी फार पूर्वी केला आहे. गोपीपुऱ्यातील उपाश्रयांतून पहाटे बाहेर पडणारे जैन साधू-साध्वी आपण पाहतो. पुढची काही हात जमीन निरखीत, नजर खाली ठेवून ते चालतात. त्यांच्या शास्त्रात याला ईर्यासमिती असे नाव आहे. ज्या पाच समिती, म्हणजे सावधपणाचे नियम, मुनींना पाळावे लागतात त्यांत हा पहिला. आणि वस्तू उचलताना व खाली ठेवताना घ्यावयाच्या काळजीचाही त्यांत एक स्वतंत्र नियम आहे. प्रवचन कोठे द्यायचे, भिक्षा कोठे घ्यायची, हे मुक्काम. पण तेथवर जाणारे पाऊल कशावर पडते हा त्यांच्या मते जीवहिंसेचाच प्रश्न आहे. या दृष्टीला रिकामी धाव मान्यच नाही. सामान्य गृहस्थाला हे झेपणारे नाही, हे खरे, आणि यंत्रालाही नाही.

गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये १९०९ साली साधन आणि साध्य यांना बीज आणि वृक्षाची उपमा दिली, ती सर्वांच्या परिचयाची आहे. त्या उपमेपेक्षा आम्हाला त्यांची १९३० ची दांडीयात्रा अधिक बोलकी वाटते. मूठभर मीठ उचलायला साबरमतीहून आगगाडीने एका दिवसात जाता आले असते. ते पायी निघाले, १२ मार्चला, आणि ५ एप्रिलला दांडीला पोहोचले; ६ तारखेला मीठ उचलले. वाट हेच काम होते. परंतु या वाटेवरही एक रिकामी धाव शिरलीच. सुरत जिल्ह्यातील भटगाम येथे २९ मार्चला त्यांनी आपल्याच माणसांची जी कानउघाडणी केली ती वाचण्यासारखी आहे. यात्रेकरूंना उजेड हवा म्हणून एका मजुराच्या डोक्यावर रॉकेलची जड किटसन बत्ती दिलेली होती आणि त्याने भरभर चालावे म्हणून त्याला पुढे पिटाळले जात होते. सुरतेहून मोटारीने दूध आणवले गेले होते. गांधीजींना हे सोसले नाही. मिठाच्या करात गरिबावरचा बोजा दिसत होता, तो सर्वांना दिसत होता. बत्तीखालचा माणूस मात्र बत्तीच्या उजेडात चालणाऱ्यांना दिसत नव्हता. न्यायाच्या दिशेने चाललेले लोक होते ते, आणि आपल्यापेक्षा खचित चांगले. त्यांनाही मुक्कामाच्या ओढीने मधला माणूस दिसेनासा झाला, यावरून ही सवय किती खोल आहे याची कल्पना यावी.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी यात्रेचा एक विसावा डिंडोलीला झाला. तेव्हा ते सुरतेबाहेरचे खेडे होते. आज ते शहरात मिसळले आहे आणि तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. आपण या पत्रिकेचे बहुतेक वाचक निराळ्या वाटांनी येथे आलो: कोणी गायकवाडी चाकरीने नवसारी-सोनगडकडून, कोणी इंग्रजी कचेऱ्या आणि शाळांच्या निमित्ताने. आपली नाट्यगृहे, गणेशोत्सव, ग्रंथालये त्यांच्याहून जुनी. सुरतेत आता उड्डाणपूल इतके झाले आहेत की शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना मधल्या वस्त्या चाकाला लागतच नाहीत. सी.एन.सी.मध्येही असाच नियम आहे. धाव घेण्याआधी टूल सुरक्षित उंचीवर उचलावे, म्हणजे खालच्या कशाला लागत नाही. यंत्राच्या बाबतीत तो उत्तम नियम आहे.

पहिला जॉब लावताना जाणता कामगार आणखी एक गोष्ट करतो. रिकाम्या धावेचा वेग कमी करणारे एक बटण असते, ते तो पाव हिश्शावर आणून ठेवतो, एक बोट थांबवण्याच्या बटणावर असते, आणि टूल हवेतून जाताना त्याची नजर टूलवर नसून टूलच्या पुढच्या मोकळ्या जागेवर असते. दुसऱ्या जॉबपासून वेग पुन्हा पूर्ण. एवढी सवड पहिल्या जॉबला देण्याची परवानगी प्रत्येक मालक देतो, कारण स्पिंडल महाग असतो.

आपल्याकडे साडी घेताना ती उलटून पाहण्याची जुनी रीत आहे. जरीचे काम खरे की वरवरचे हे मागच्या बाजूवरून कळे, म्हणून आजी-पणजी दुकानात पदर आधी पालथा करीत. आता एम्ब्रॉयडरीची साडी पालथी केली तर दोन फुलांच्या मध्ये काही नसते. फुलांच्या कडेला धाग्यांची दोन-तीन मिलिमीटरची टोके तेवढी दिसतात. ती यंत्राने कापली की डिंडोलीत कोणी कात्रीने, हे साडीवरून ओळखता येत नाही.